खिट्टी सुटली नव्हती

पावणं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही. त्याला म्हणे सगळं ठाऊक असतं — मग उगं कशाला तोंड उघडा? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे सांगताना त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. कागदाला तोंड नाही, हे एक बरं आहे.

माझी शाळा सातवीत संपली. मास्तरांना आनंद झाला, मलाही झाला. पुढं अंगात ताकद होती म्हणून बंबावर लागलो — बंब म्हणजे आग विझवायची लाल गाडी — आणि सगळी नोकरी तिच्यावरच काढली. पेटलेल्या गोठ्यात शिरायला मला कधी भीती वाटली नाही, पण लिहायला बसलो की हाताला घाम सुटतो. तरी लिहितोय. शालन, माझी बायको, गेल्या श्रावणात गेली. तेव्हापासून घरात भांडायला कुणी नाही. रेडिओशी तरी माणूस किती भांडणार?

कुठनं सुरुवात करू? चहाच्या गाडीपासून करतो. तिथनं सोपं जाईल.

कोल्हापुरात, शाहूपुरीत एक चहाची गाडी आहे. सकाळी तिथं आम्ही पेन्शनीतली मंडळी जमतो आणि देश चालवतो. मध्यंतरी कुठल्याशा शहरात दंगल झाली, पोलिसांनी मोठी गाडी आणून गर्दीवर पाण्याचा मारा केला, ते टीव्हीवर दाखवलं. झालं, गाडीवर वाद पेटला. एक म्हणाला, पाणी काय मारताय, चार लाठ्या हाणा म्हणजे घरची वाट धरतील. दुसरा म्हणाला, लाठीनं डोकं फुटतंय, गोळीनं जीव जातोय, पाण्यानं कुणाचं काय गेलंय? तिसरा म्हणाला, "आमच्या गल्लीत नळाला थेंब न्हाय, आन् दंगलवाल्यास्नी फुकट आंघोळ! उद्या आमीबी दंगल करतो." सगळे खो-खो हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कारण त्या गाडीवर गर्दीवर पाणी मारलेला माणूस मी एकटाच.

मी माझं ठरलेलं बोललो. "पाणी मारावं. लाठीपेक्षा कवाबी चांगलं. पर पायात मारावं, आन् मारणारा थंड डोक्याचा पायजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. बघा, अनुभवाचा माणूस! माझ्या चहाचे पैसे दुसऱ्यानं दिले.

तो चहा मी प्यालो. इतकी वर्षं असाच पितोय.

आता खरं सांगायचं तर फुटबॉलचं सांगावं लागेल. बाहेरच्या माणसाला वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती. कुस्ती आहेच, पण इथं पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, आणि सामना असला की भाऊ भावाला ओळखत नाही. पेठांची नावं मी घेत नाही. या वयात घेतली तरी संध्याकाळपर्यंत कुणीतरी दारात येऊन उभा राहील. रंग सांगतो. आमच्या तालमीची जर्सी चॉकलेटी, आणि पलीकडच्या पेठेची पोपटी. एवढं पुरे.

माझी शालन पोपटी पेठेची.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडलांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. एकच अट घातली — मांडवात पोपटी रंगाचं कापड दिसता कामा नये. दिसलं तर मी जेवणार नाही. मंडळींनी कबूल केलं. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पूजेला शालन बसली ती पोपटी लुगडं नेसून! मांडवाची अट होती, पूजेची कुठं होती? वडील खरंच जेवले नाहीत. शालननं त्यांचं ताट झाकून ठेवलं, आणि दिवेलागणीला बघितलं तर ताट चाटून पुसून साफ. तेव्हापासून दोघांचं जमलं ते जमलंच.

आमच्या घरात सामन्याचा निकाल चुलीवरनं कळायचा. पोपटी जिंकले की तांबडा रस्सा. चॉकलेटी जिंकले की शालनचं डोकं दुखायचं आणि ताटात पिठलं यायचं. आमची पेठ लागोपाठ जिंकत गेली त्या वर्षी मी पिठलं खाऊन खाऊन वाळलो होतो — तरी काय रुबाबात खायचो सांगू!

तिचा धाकटा भाऊ सदा. उद्यमनगरात लेथवर कामाला होता, पण खरा माणूस गोलपोस्टमधला. उंच, लांब हातांचा, मांजरासारखा. पोपटींचा गोली. आणि तोंडानं असा फटकळ, की बॉल अडवायचा हातानं आणि मारणाऱ्याचा जीव घ्यायचा जिभेनं. मला दाजी म्हणायचा. "दाजी, तुमच्या पोरास्नी सांगा, बॉल लाल न्हाय, आग न्हाय, भिऊ नका." असलं काहीतरी रोज. मी हसायचो. खरंच हसायचो का? तोंडानं हसायचो. आत कुठंतरी ते साठत असणार. पाणी साठतं तसं, आवाज न करता.

त्या वर्षीचा शेवटचा सामना — नव्वदनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट — चॉकलेटी विरुद्ध पोपटी. पोलिसांकडं तेव्हा पाणी मारायची स्वतःची गाडी नव्हती. मोठा सामना असला की ते आमचा बंब मागून घ्यायचे आणि मैदानाबाहेरच्या रस्त्यावर लावायचे. नुसता बंब दिसला तरी लोक जरा दबून वागतात, असा त्यांचा हिशोब. बंबाच्या टपावर पाण्याची तोफ होती. दोन हातांनी धरून वळवायची, आणि जिथं थांबवायची तिथं एक खिट्टी घालायची म्हणजे ती हलत नाही. आमची खिट्टी जुनी झालेली. सगळ्यांना ठाऊक होतं. बदलू बदलू म्हणत राहिली होती.

आपल्याच पेठेचा सामना असला तर बंबावरच्या माणसानं ड्यूटी घेऊ नये, असा नियम नव्हता. असायला हवा होता. आणि मी काय केलं? ड्यूटी दुसऱ्याची होती, ती मी मागून घेतली! का? तर टपावर उभं राहिलं की भिंतीपलीकडचा सामना फुकट दिसतो. हे फक्त आमच्यातलाच माणूस करू जाणे. दंगल झाली तर पाणी मारायला ठेवलेला माणूस दंगलीतल्या एका बाजूचा होता, आणि ते कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्याही नाही.

पोपटी एका गोलनं पुढं. शेवटची मिनिटं. आम्हाला पेनल्टी. मी टपावर उभा, दोन्ही हात तोफेवर, श्वास बंद. आमच्या पोरानं चांगली मारली, खाली, कोपऱ्यात. सदा आडवा गेला आणि नुसत्या बोटांनी बॉल बाहेर काढला. शिट्टी वाजली. संपलं. मी टपावर बसूनच घेतलं.

पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. मैदानातनं लोक बाहेर आले ते भांडतच आले. आधी शिव्या, मग चपला, मग बाटल्या, मग दगड. दुकानांची शटरं खडाखडा खाली आली. एक काच फुटली. एका हवालदाराच्या टोपीवर कुणाचंतरी पायताण बसलं आणि तिथंच राहिलं. त्या गडबडीतही लोक त्याला बघून हसले. बंदोबस्ताचे फौजदार बाहेरगावचे होते. त्यांना चॉकलेटी-पोपटी काही कळत नव्हतं, म्हणून त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांनी खालनं ओरडून सांगितलं, "पाणी मारा! दोन्हीकडे मारा! पायाशी मारा, अंगावर नको!"

हे मला सांगायची गरजच नव्हती. आम्हाला शिकवलेलं असतं. तोफ वर धरली की पाणी पावसासारखं पडतं, माणूस भिजतो आणि पळतो. पायाशी मारलं की घसरतो, मागं सरतो. पण जवळनं, सरळ अंगावर मारलं तर ते पाणी राहत नाही, ओंडका होतो. त्या पाण्यानं पत्र्याचं दार वाकलेलं मी बघितलंय.

तर मी मारलं. पहिल्यांदा नीट मारलं, अगदी पोटतिडकीनं सांगतो, नीट मारलं. थोडं आमच्याकडं, थोडं त्यांच्याकडं. वर धरून, पायाशी धरून. आणि काय गंमत झाली म्हणून सांगू! ऐन उन्हाळा, संध्याकाळची वेळ, तापलेला रस्ता — लोकांना बरंच वाटायला लागलं. एक जाडा माणूस घसरला तो बसूनच पुढं गेला, वाटेत आणखी दोघांना घेऊन. भडंगवाल्याची सगळी भडंग रस्त्यावरनं वाहत गटारीकडं निघाली आणि तो तिच्यामागं, "आरं माझी भडंग, माझी भडंग!" एका म्हाताऱ्यानं छत्री उघडली. रंगपंचमीलाच कुणी छत्री आणावी तसं झालं. पोरं दगड टाकून पाण्यात नाचायला लागली, चॉकलेटी कोण आणि पोपटी कोण, भिजल्यावर सगळे एकाच रंगाचे. फौजदार कमरेवर हात ठेवून हसत होते.

हे ध्यानात ठेवा, पावणं. दंगल तिथं संपली होती. पाण्यानं संपवली होती. एक डोकं फुटलं नव्हतं. पोलिसांनी पाणी वापरावं की नाही, असं मला कुणी विचारलं, तर तिथवरचं जे आहे ते माझं उत्तर आहे. व्हय, वापरावं.

पण तिथंच थांबलो असतो तर तुम्हाला हे लिहिलं असतं का?

त्याच रस्त्यावर माझ्या सासूबाईंचं घर होतं. खाली दगडी ओटा, वर गॅलरी. सदाला पोरांनी खांद्यावरनं तिथवर आणलं होतं. तो ओट्याच्या कठड्यावर चढला. हातात गोलीचे मोजे तसेच, अंग भिजलेलं, हसतोय. त्यानं मला टपावर बघितलं. आणि दोन्ही हात पसरून, गुडघ्यात वाकून उभा राहिला — गोलमध्ये उभा राहतात तसा.

"दाजी! मारा की पेनल्टी! बघू, तुमच्या पेठेला हितनं तरी गोल जमतोय का!"

सगळा रस्ता हसला. आमच्या पेठेची पोरंसुद्धा हसली. चेष्टाच होती हो. तो रोज करायचा तसली. मी पाण्याचा एक शिंतोडा उडवला असता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

मी तोफ वळवली. खाली घेतली. खालच्या माणसाला पंपाचं प्रेशर वाढवायची खूण केली — ती सुद्धा केली. नेम धरला. पायावर नाही, कठड्यावर नाही. छातीवर. आणि सोडलं.

सदा मागं उडाला. बॉलवर झेप घेतात तसा नाही, पोतं पडतं तसा. दगडी पायरीवर उजव्या कोपरावर पडला. आणि पाणी लागल्याबरोबर, तो खाली पडायच्या आधी — मी ओरडलो. "गोल!"

हसत ओरडलो.

पंपाचा आवाज एवढा होता की कुणाला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. पंप बंद झाला आणि मग सदाचा आवाज ऐकू आला. तो मी तुम्हाला सांगत नाही.

फौजदार टपावर चढून आले. काय झालं, म्हणाले. माझ्या तोंडातनं आपसूक आलं, "साहेब, खिट्टी सुटली." जुनी होतीच. सगळ्यांना ठाऊक होतं. बरोबरच्या माणसांनी साक्ष दिली, खिट्टीची तक्रार आधीपासनं हाय म्हणून. ती बिचारी खरंच बोलत होती. आठवड्यात नवी खिट्टी बसली. प्रकरण मिटलं. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही कधी असं खोटं बोललाय का, जे बोलल्याबरोबर चार माणसं धरून उचलतात आणि तुमच्या हातातनं घेऊनच जातात? परत मागायला लाज वाटते.

सदाचं कोपर सांधलं, पण हात पुरता सरळ झाला नाही. वर जाईना. गोली संपला. लेथवरचं काम डाव्या हातानं शिकला, पण गोलपोस्टमध्ये डाव्या हातानं कोण उभं करतंय? आणि तुम्हाला वाटेल तो रडत बसला — छे! त्याला सामन्याचा माइक दिला तालमीनं. आता मैदानावर लाउडस्पीकरवर जो बोलतो तो सदा. लोक सामना बघायला कमी आणि त्याला ऐकायला जास्त येतात. पंचालासुद्धा सोडत नाही. आणि वर्षातनं एकदा तरी म्हणणारच, "मंडळी, शांतता राखा, न्हायतर आमच्या दाजींचा बंब बाहेरच उभा हाय, आन् त्याची खिट्टी ढिली हाय!" सगळं मैदान हसतं. मी खाली बसून हसतो. त्याला खरंच वाटतं, खिट्टीच सुटली. दर भाऊबीजेला तो आमच्याकडं यायचा, वाकड्या हातानं ताटात ओवाळणी टाकायचा, आणि मला म्हणायचा, "दाजी, मनाला लावून घेऊ नका. मशीनचा काय भरवसा?"

आता वाटेल, झाली कबुली. मेहुण्याला दुखवलं, खोटं बोललो. नाही हो. ते निम्मंच आहे. निम्म्यापेक्षा कमी.

सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या.

त्यांनी सगळं बघितलं. दवाखान्यात, सदाच्या खाटेजवळ, सगळ्यांसमोर त्या शालनला म्हणाल्या, "खिट्टी न्हाय सुटली. जावईपावण्यांनी नेम धरला. हसले. गोल म्हणून वरडले." मोठ्यानं नाही म्हणाल्या. भाजीचा भाव सांगतात तशा म्हणाल्या. मी तिथंच, दाराला टेकून उभा होतो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं. नाही म्हणायचंही धाडस झालं नाही मला, एवढं खरं.

पण म्हणावं लागलंच नाही. शालन उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "आई, त्वांड सांभाळ. माझा मानूस आगीतनं लोकांची पोरं बाहेर काढतोय. त्यो सदावर हात उचलंल? तू म्हातारी झालीस, तुला भास व्हायला लागल्यात." सासूबाई म्हणाल्या, "मी बघितलंय ते सांगितलं." शालन म्हणाली, "मग हे शब्द माघारी घेशील तवा तुझ्या दारात पाय ठेवीन."

सासूबाईंनी शब्द माघारी घेतले नाहीत. कशाला घेतील?

आणि मी काय केलं माहीत आहे? घरी येताना रिक्षात शालननं माझा हात धरला. भर दिवसा, रस्त्यात — लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं असा हात कधी धरला नव्हता. आणि मला बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, म्हणून लवकर लिहून टाकतो. मला जिंकल्यासारखं वाटलं. जन्मभर पोपटी पेठेच्या बाजूनं बोलणारी बाई, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाजूनं उभी राहिली, स्वतःच्या आईच्या विरुद्ध. मनात म्हणालो, चॉकलेटी जिंकले.

सासूबाईंचं घर आमच्यापासून चालत जायच्या अंतरावर. मंडईत दोघी समोरासमोर यायच्या आणि एक वांग्याकडं बघायची, दुसरी मेथीकडं. उन्हाळ्यात सासूबाई सदाबरोबर चटणीची बरणी पाठवायच्या. कांदा-लसणाची, त्यांच्या हातची. शालनला दुसरी आवडायची नाही. शालन ती चटणी काढून ठेवायची, बरणी घासायची आणि सदाकडं परत द्यायची. रिकामी. आमच्यात माहेरचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, मूठभर साखर तरी घालतात. ती काही घालायची नाही. पुसून, झाकण लावून, रिकामी. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरजोरात आपटायची. दुसऱ्या उन्हाळ्यात बरणी परत यायची, भरून. अशी कितीतरी वर्षं ती बरणी त्या रस्त्यानं जात-येत राहिली. एक वाक्य माझ्याकडं होतं. मी ते बोललो असतो तर बरणीत साखर पडली असती.

बोललो नाही. आज सांगतो, उद्या सांगतो. सणावारी कशाला, सण झाल्यावर. पोरीचं लग्न होऊ दे. सासूबाईंची तब्येत बरी होऊ दे.

ती झाली नाही. सदा धावत आला तेव्हा शालन पीठ मळत होती. पिठाच्या हातानं तशीच पळाली. मी मागनं. सासूबाईंची वाचा गेली होती. शालननं त्यांच्या तोंडात पाणी घातलं, ते ओघळलं. हाताचं पीठ त्यांच्या गालाला लागलं. सासूबाईंनी लेकीकडं बघितलं, मग दाराकडं, माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं. त्यांना बोलता आलं असतं तरी त्या पुन्हा काही बोलल्या नसत्या, असं मला वाटतं. एकदा सांगून झालं होतं.

तेराव्याला सगळी मंडळी म्हणाली, जावई किती राबला. राबलो होतोच. लाकडं, पाणी, जेवणं — सगळं माझ्या अंगावर घेतलं होतं.

त्यानंतरही आम्ही सुखात राहिलो, खोटं कशाला सांगू. शालनशी संसार म्हणजे रोजची गंमत होती. मी पेन्शनीत आलो त्या दिवशी तिनं बंबाला हार घातला आणि ड्रायव्हरला दटावलं, "माझा मानूस आता घरी बसून माझं डोकं खाणार, ह्याचं पाप तुमच्यावर." संध्याकाळी कळंब्याच्या तळ्यावर फिरायला जायचो, ती शेंगा खायची, टरफलं माझ्या खिशात घालायची. फुटबॉलवरनं भांडणं चालूच होती. पिठलं चालूच होतं.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगायचं ते बाहेर बोलावून सांगितलं होतं, पण तिला मी न सांगताच कळलं होतं. एका दुपारी मी खाटेजवळ बसून मोसंबं सोलत होतो. जेवणाची गडबड संपलेली, बाकीच्या खाटांवर सगळे झोपलेले. नर्सला चिडवून झालं होतं तिचं. मग माझ्याकडं कूस वळवली. आणि म्हणाली, "अवो, एक इचारू?"

"इचार की."

"आईनं तवा तसं का सांगितलं आसंल वो? ती माझ्याशी कदी खोटं बोलली न्हवती. लहानपणीसुद्धा न्हाय. मला त्ये कोडं सुटंना झालंय."

चिडून नाही विचारलं. संशयानं नाही. मला विचारत होती, कारण मी तिचा माणूस होतो, आणि अवघड काही असलं की ती मलाच विचारायची. दार सताड उघडून दिलं होतं तिनं. काय झालं असतं? शिव्या दिल्या असत्या. तिच्या शिव्या मला पाठ होत्या. तोंड फिरवलं असतं. तसं तोंड फिरवून ती गेली असती, तर ते माझ्या वाट्याचं होतं. आणि तिच्या वाट्याला तिची आई परत आली असती.

मी मोसंब्याची फोड सोलत होतो. पांढरा दोरा काढत होतो. तिला तो आवडायचा नाही.

मी म्हणालो, "म्हातारं मानूस. मोतीबिंदू आसंल तवाच. गॅलरीतनं काय दिसलं, काय न्हाय."

मग तिचं तोंड असं मोकळं झालं — पोरीचं लग्न ठरलं तेव्हा झालं होतं तसं. "व्हय की! मोतीबिंदू! माझ्या टकुऱ्यातच आलं न्हाय कदी. आन् मी येडी तिच्यावर राग धरून बसले." हसली. "चला, म्हातारीला माफ केलं." आणि हात पुढं करून फोड मागून घेतली.

त्याच आठवड्यात ती गेली.

सासूबाईंना मोतीबिंदू नव्हता.